चोवीस मिनिटांचा खुलासा

"आगीला कोणाची परवानगी लागत नाही, तेव्हा ती विझवणाऱ्यानेही कोणाच्या परवानगीसाठी थांबू नये!"

हे वाक्य उद्धवराव खांबेट्यांनी रविवारी सकाळी अकरा वाजता, परदेशी सेंगकांगमधल्या मुलाच्या फ्लॅटवर, नवव्या मजल्यावर, एका हातात अळूचं पान आणि दुसऱ्या हातात बेसनाची वाटी धरून उच्चारलं. समोर नात बसली होती. इशिताला शाळेसाठी 'आमच्या घरातला हीरो' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या, आणि हिंगणशेत नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रावर एकोणतीस वर्षं काढलेला माणूस घरात आयताच उपलब्ध होता.

'टीं,' असा छतावरून आवाज आला.

इशिताने वर पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. "देन हाऊ कम यू नेव्हर चेंज द बॅटरी, आजोबा? इलेव्हन डेज ऑलरेडी, लाह."

प्रश्न इथल्या शाळेच्या इंग्रजीत असला, तरी रास्त होता. धुराचा अलार्म होता तो. त्याची बॅटरी संपत आली होती आणि दर चाळीस सेकंदांनी तो तसं कळवत होता. पण फ्लॅट भाड्याचा. एजंटने करारात लिहून दिलं होतं की घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय छताला हात लावायचा नाही. घरमालक मेलबर्नला. मुलाने, देवदत्तने, एजंटला मेल टाकली होती, एजंटने ती पुढे ढकलली होती, आणि नवी बॅटरी विकत आणून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलेली होती. उद्धवरावांनी अकरा दिवसांत तीनदा स्टूलही आणून खाली ठेवलं होतं, आणि तीनदा परत नेलं होतं.

"वरून उत्तर आलं की बघू," ते म्हणाले.

इशिताने वहीत काहीतरी खोडलं.

आज शिरीषचं पान होतं. उद्धवरावांचा धाकटा भाऊ जाऊन एकवीस वर्षं झाली होती. पितृपक्षातली तिथी खरं तर शुक्रवारी होती, पण शुक्रवारी कोणाला सुट्टी नसते, म्हणून खांबेट्यांनी आपल्या पितरांनाही वीकेंडची सवय लावली होती. शिरीषची बायको सरोजिनी महिन्याभरासाठी पुण्याहून आली होती आणि आतल्या खोलीत उतरली होती. त्यांची मुलगी निहारिका इथल्याच विद्यापीठात पोस्टडॉक करत होती, ती बाराला येणार होती. सून मेधा कंपनीच्या कामाला जकार्ताला गेली होती, त्यामुळे ओट्यावर उद्धवरावांच्या बायकोचं, अंजलीबाईंचं, निर्विवाद राज्य होतं. खीर, वडे, कढी, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. शिरीषला कारलं आवडायचं नाही. मेल्यावर त्याला ते दरवर्षी खावं लागत होतं.

सरोजिनी खिडकीतल्या बांबूवरचे कपडे झटकत होती. "भाऊजी, हे बघा, पुन्हा राख."

उद्धवराव उठून गेले. खाली ब्लॉकच्या कडेला टाउन कौन्सिलने ठेवलेल्या लोखंडी पिंपात एक चिनी कुटुंब कागद जाळत होतं. त्यांचाही पितरांचाच महिना चालू होता. कागदी नोटा, कागदी शर्ट, एक चांगलं दुमजली कागदी घर. म्हातारी काठीने ढोसत होती आणि जळके तुकडे नवव्या मजल्यापर्यंत चढत होते.

"वारा पश्चिमेचा आहे," उद्धवराव म्हणाले. "पिंप चार हात अलीकडे हवं होतं."

"मग सांगा ना खाली जाऊन."

"आपण कोण सांगणार? ते टाउन कौन्सिलचं आहे."

सरोजिनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि टॉवेल पुन्हा झटकला.

निहारिका बाराच्या ठोक्याला आली. चपला काढल्या, काकूला मिठी मारली, इशिताची वेणी ओढली, आणि उद्धवरावांना नमस्कार न करता सोफ्यावर बसली. तिच्या मांडीवर तपकिरी पाकीट होतं. दर खेपेला ती आल्या आल्या "काका, काय विझवलंस?" असं विचारायची. आज विचारलं नाही. उद्धवरावांनी पाकिटावरचा नगरपरिषदेचा शिक्का दोन वाव लांबून ओळखला. एकोणतीस वर्षं त्यांनी तोच शिक्का मारला होता. त्याचा डावा कोपरा तेव्हाही उठत नसे.

तीन वर्षांपूर्वी तिने आनंदाने फोन केला होता. "काका, तुझ्यावरच विषय घेतलाय! छोट्या गावांतलं अग्निशमन आणि पोलीस नक्की कोणाला उत्तर देतात, नगरपालिकेला की आणखी कोणाला, यावर." तेव्हा उद्धवराव म्हणाले होते, "छान." मग फोन ठेवून ते संडासात जाऊन बसले होते, बराच वेळ.

पानं वाढली. शिरीषचं पान वेगळं, दक्षिणेकडे. निहारिका ताटावर बसली, पण हात लावेना. ही शांतता देवदत्तला सोसली नाही. तो आयटीत मॅनेजर होता, मीटिंगमध्ये कोणी गप्प बसलं की त्याला काहीतरी विचारावंच लागे.

"तुझा तो पेपर कुठवर आला, निहू?"

"सांगते ना." तिने ताटातल्या वाट्या बाहेर काढल्या. "ही खीर म्हणजे नगराध्यक्ष. निवडून येतो, गोड बोलतो. ही कढी म्हणजे मुख्याधिकारी. सरकार पाठवतं, पण नगराध्यक्षाशी बिघडलं तर ती फुटते. आणि हे लिंबू म्हणजे फायर स्टेशन. कागदावर कढीच्या हाताखाली. बंब हलवायचा तरी कढीची चिठ्ठी लागते."

"आणि पोलीस?"

तिने लोणच्याची फोड उचलून ताटाबाहेर ठेवली. "ते नगरपालिकेचे नाहीतच. त्यांचा साहेब जिल्ह्याला. नगराध्यक्षाला ते काही लागत नाहीत."

"कागदावर," उद्धवराव सवयीने बोलून गेले. "चहा सगळ्यांचा एकाच बंगल्यावर."

"ते पेपरमध्ये कसं लिहू, काका? चहाला जावक क्रमांक असतो?"

"इथे बरं आहे," देवदत्त म्हणाला. "दोन्ही एकाच मंत्रालयाखाली. फोन केला की आठ-दहा मिनिटांत दारात."

"हो ना," निहारिका म्हणाली. "आठ-दहा."

'टीं.'

"आधी जेवा रे," अंजलीबाई म्हणाल्या. "कढी मुख्याधिकारी काय... निवतेय ती."

निहारिकाने पाकीट उघडलं. "माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. मागितला होता आगीचा अहवाल. त्यांनी कौतुकाने बंबाच्या लॉगबुकचं पानही झेरॉक्स करून जोडलं. आजवर मला एवढी तत्पर नगरपरिषद भेटली नाही." तिने दोन कागद शिरीषच्या पानाशेजारी ठेवले. "अहवाल म्हणतो, बाजारपेठेतल्या बाबांच्या छापखान्याला आग लागली तेव्हा बंब इंजिनच्या बिघाडामुळे स्टेशनवर उभा होता. लॉगबुक म्हणतं, त्याच दिवशी त्याच वेळी बंब शाळेच्या मैदानावर, धूळ बसवायला पाणी मारणे, फेऱ्या चार. खाली सही. दोन्हीकडे एकाच माणसाची."

तिने काकाकडे पाहिलं नाही. सहीकडे पाहत राहिली. हीच सही तिच्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर होती, पासपोर्टच्या अर्जावर होती, इथे येताना हमीपत्रावर होती. नऊ वर्षांची असल्यापासून 'पालक' या शब्दापुढे हीच एक सही होती.

"निहू, एकवीस वर्षं झाली त्याला," देवदत्त म्हणाला. "त्या वेळची सिस्टिमच तशी होती. बाबांच्या वयाचा तरी विचार कर. आणि आज शिरीषकाकाचं पान आहे."

"म्हणूनच आज. दादा, तू मध्ये पडू नकोस. मी एकच विचारतेय. काका, बंब बिघडला होता की मैदानावर होता?"

उद्धवरावांनी हात ताटातून बाहेर काढला. खोटं बोलायचं ठरवलं तेव्हा त्यांनी ते एकाच कागदावर बोलायचं ठरवलं होतं. लॉगबुकला हात लावायला मन धजावलं नव्हतं. लॉगबुक खोटं लिहिणारा माणूस, असं त्यांना आपल्याबद्दल कधीच वाटून घ्यायचं नव्हतं.

"मैदानावर," ते म्हणाले.

अंजलीबाईंनी झारा खाली ठेवला. "अहो!"

"असू दे, अंजली."

"वर्दी किती वाजता मिळाली?" निहारिकाने विचारलं. आगीच्या खबरेला 'वर्दी' म्हणायचं हे तिला काकानेच शिकवलं होतं.

"दोन वाजून दहा मिनिटांनी."

"बंब मैदानातून निघाला दोन चौतीसला. चोवीस मिनिटं. स्टेशन ते मैदान किती?"

"तीन मिनिटं. बैल आडवा आला तर चार."

"मग बाकीची?"

उद्धवराव शिरीषच्या पानाकडे वळले. मग सांगू लागले, वर्दी लिहून घेताना बोलतात तसं, एकसुरी.

"मंत्र्यांचा सत्कार होता. नगराध्यक्षांचा तोंडी निरोप आला, धूळ फार उडते, बंब पाठवा. लेखी मागायला हवं होतं, मागितलं नाही. वर्दी आली तशी स्कूटरवरून मैदानावर गेलो. ड्रायव्हर म्हणाला, मुख्याधिकारी साहेबांनी सांगितल्याशिवाय गाडी हलवायची नाही अशी तंबी आहे. साहेब व्यासपीठावर होते. मी चिठ्ठी लिहिली. 'बाजारपेठेत आग, बंब सोडावा.' शिपायाने ती हेडक्लार्कला दिली, हेडक्लार्कने साहेबांना दिली. साहेबांनी स्वतः काही न ठरवता नगराध्यक्षांना दिली. नगराध्यक्षांनी ती न उघडता खिशात घातली."

"खिशात?"

"त्यांना वाटलं, स्वागताच्या यादीत आणखी कोणाचं तरी नाव घुसवायचंय. सकाळपासून तशाच चिठ्ठ्या येत होत्या. धूर व्यासपीठावरून दिसला, तेव्हा कुठे साहेबांनी गाडी सोडायला सांगितलं."

देवदत्तला हसू आलं. ते त्याला थांबवता आलं नाही, आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला. ही गोष्ट त्यानेही पहिल्यांदाच ऐकली होती. इतका वेळ तो वडिलांकडे सरकून बसला होता. आता त्याने पाठ टेकली.

"आणि तू?" निहारिका म्हणाली.

"मी खाली उभा होतो."

"बंब कुठे होता?"

"तीस पावलांवर. किल्ली लावलेली होती."

"तुला चालवता येत होता?"

अंजलीबाई मध्येच म्हणाल्या, "बाई गं, त्यांना सस्पेंड केलं असतं—"

"काकू, मी काकाला विचारतेय. येत होता?"

"येत होता," उद्धवराव म्हणाले. "गावात सगळ्यात चांगला मलाच येत होता."

'टीं,' असं छत म्हणालं. कोणीच वर पाहिलं नाही.

"मला वाटलं, दुपारची वेळ, छापखाना बंद असेल," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही, हेही खोटं. मला तसं काहीच वाटलं नव्हतं. मी फक्त चिठ्ठीकडे बघत होतो, कोणाच्या हातात गेली ते. शिरीष एकदा बाहेर आला होता. मशीनवाला मागे राहिला म्हणून परत आत गेला. हे मला नंतर लोकांनी सांगितलं. मशीनवाला मागच्या दाराने निघून गेला होता."

खाली कोणीतरी पिंपात नवीन गठ्ठा टाकला असावा. धुराचा वास आत आला.

"पोलिसांनी विचारलं नाही?"

"इन्स्पेक्टर आले होते. सरळ माणूस. म्हणाले, मला तुमच्या मुख्याधिकाऱ्यांचं पत्र द्या, मी ते माझ्या साहेबांना पाठवतो. पत्र माझ्या अहवालावरून झालं. अहवाल साहेबांनी मला सांगून लिहून घेतला. इन्स्पेक्टरांनी पत्र लावून फाइल बंद केली. सगळ्यांनी आपापल्या वर बरोबर कळवलं, निहू. कोणाची चूक नाही निघाली."

निहारिकाचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तू मला सायकल शिकवलीस. 'पडलीस तर मी आहे' म्हणायचास. आणि तुला एक सही नाकारता आली नाही?"

"त्यांना मी सांगितलं होतं," सरोजिनी म्हणाली.

ती इतका वेळ बोलली नव्हती, त्यामुळे कोण बोललं ते कळायला सगळ्यांना क्षणभर लागलं. ती कारल्याची एकेक चकती ताटाच्या कडेला लावत होती.

"काय सांगितलं होतंस, आई?"

"सही करा म्हणून. दहाव्या दिवशी भाऊजी आले, दारातच बसले. अहवाल तेव्हा कोराच होता. सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच, चिठ्ठी, खिसा, किल्ली. म्हणाले, खरं लिहितो, मग व्हायचं ते होवो. मी म्हटलं, लिहू नका. साहेब सांगतील त्यावर सही करा आणि कामावर जा."

"तुला माहीत होतं." निहारिका उभी राहिली. "एकवीस वर्षं?"

"घरात कमावता एकच उरला होता आणि खाणारी पाच तोंडं. खरं लिहून ते घरी बसले असते, मग तुझ्या शाळेचं काय केलं असतं मी?"

"शाळेचं राहू दे. मला का नाही सांगितलंस?"

"बाप गेला होता तुझा. रात्री काकाचं बोट धरल्याशिवाय झोपत नव्हतीस. तेही बोट सोडवून घेऊ?" सरोजिनीने शेवटची चकती लावली. "मोठी झाल्यावर सांगू म्हटलं. मग तू मोठी झालीस आणि तो विषयच घेतलास. मग काय सांगणार, कपाळ? भाऊजींशी मी वर्षभर बोलले नव्हते, ते तुला आठवत नसेल. पोळी वाढायची, बोलायची नाही."

"मला आठवतंय," देवदत्त हळूच म्हणाला. "मला वाटायचं, बाबांशी तुझं कशावरून तरी भांडण झालंय."

"भांडण कसलं रे? भांडायला समोरच्याने उत्तर द्यावं लागतं."

अंजलीबाई उठल्या, सरोजिनीच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत आपल्याला कोणीच काही सांगितलं नाही, याचा राग त्यांना आधी यायला हवा होता. पण त्यांचा हात जावेच्या खांद्यावर आधी गेला. राग नंतर येईल, त्याला घाई नव्हती.

निहारिका खिडकीपाशी गेली. तिच्या केसांवर राखेचा एक कण येऊन बसला. उद्धवरावांना तो झटकावासा वाटला, पण ते जागचे हलले नाहीत.

"इशिता," ते म्हणाले, "तुझ्या वहीतला एक कागद दे."

"फॉर व्हॉट, आजोबा?"

"राहिलेलं एक काम आहे."

त्यांनी ताट बाजूला केलं, हात धुतला, चष्मा पुसला, आणि डाव्या बाजूला समास सोडून 'प्रति,' असं लिहिलं. मग पेन थांबलं. एकोणतीस वर्षांत 'प्रति' या शब्दापुढे त्यांचं पेन कधी थांबलं नव्हतं. मुख्याधिकारी निवृत्त होऊन वारले होते. नगराध्यक्षांचा चौकात पुतळा होता. इन्स्पेक्टरांचा पत्ता नव्हता. उद्धवरावांनी दोन 'टीं' जाऊ दिले आणि लिहिलं: 'कु. निहारिका शिरीष खांबेटे यांस. विषय: दिनांक १४ फेब्रुवारी २००४ रोजीच्या आगीच्या वेळी झालेल्या चोवीस मिनिटांच्या विलंबाचा खुलासा.'

पाऊण तास लागला. पान भरलं, मागची बाजू भरली. सत्काराचं, चिठ्ठीचं, खिशाचं सगळं त्यांनी चार ओळींत उरकलं होतं. उरलेल्या सगळ्या ओळी तीस पावलांवर होत्या. शेवटी त्यांनी सही केली, खाली हुद्दा लिहिला आणि कागद दोन्ही हातांनी पुढे धरला, साहेबांपुढे धरतात तसा.

निहारिकाने उभ्यानेच वाचला. एकदा मागे उलटून पुन्हा पुढे आली.

"हे छापू?"

"छाप."

"नावासकट?"

"हुद्द्यासकट. आणि कोण कोणाला उत्तर देतं याचा तुझा तो तक्ता असतो ना, त्यात मला कोणाच्या हाताखाली दाखवू नकोस. त्या दिवशी मी एकटाच होतो तिथे."

तिने कागदाची नीट घडी घातली, पाकिटात ठेवली, पाकीट पर्समध्ये ठेवलं. उद्धवराव वाट पाहत राहिले. ती रडेल, की ओरडेल, की चपला घालून निघून जाईल आणि मग पुढची वर्षं पोळी वाढेल पण बोलणार नाही? माफीची त्यांनी अपेक्षा केली नव्हती. ती कोणाच्या अधिकारात येते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. फक्त निहारिका दाराकडे वळते की नाही, एवढंच ते बघत होते.

ती वळली. पण दाराशी न जाता टीव्हीखालच्या ड्रॉवरपाशी गेली. ड्रॉवर उघडला, त्यातून अकरा दिवस पडून असलेली बॅटरी काढली. ओट्याखालचं स्टूल ओढत आणून अलार्मच्या खाली ठेवलं.

"अगं, एजंटचं अजून उत्तर आलं नाही," देवदत्त म्हणाला. "लेखी लागतं—"

तिने ऐकलंच नाही. ओढणी कमरेला खोचली, एक पाय स्टूलावर ठेवला. स्टूलाचा एक पाय आखूड होता. ती खाली न बघताच म्हणाली,

"काका, जरा स्टूल धर. हलतंय."